तोंडात वाढणारी पिल्लं: घरच्या टाकीतली येलो लॅबची वीण

येलो लॅब या आफ्रिकन माशाची मादी घातलेली अंडी लगेच तोंडात उचलते आणि पुढचे तीन-साडेतीन आठवडे तिथेच सांभाळते. अंडी तोंडात फुटतात, पिल्लं पोटाला चिकटलेला बलक तोंडातच संपवतात आणि सेंटिमीटरभर लांबीची, स्वतः पोहून स्वतः खाण्याजोगी झाली की बाहेर येतात. एवढा सगळा काळ आई जवळपास उपाशी असते. पुण्यात आमच्या हॉलमधल्या चार फुटी टाकीत मी ही वीण पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली आहे, पिल्लं वाढवून लोकांना दिली आहेत, आणि त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं झालेली पाहिली आहेत. मराठीत याबद्दल सविस्तर वाचायला मला फारसं मिळालं नव्हतं, म्हणून जे पाहिलं आणि केलं ते लिहिते आहे.

हा मासा मलावी सरोवरातला. मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांच्या मध्ये पसरलेलं हे लांबट सरोवर जास्तीत जास्त ७०० मीटरच्या आसपास खोल आहे. सिक्लिड कुळातल्या माशांच्या शेकडो जाती एकट्या या सरोवरात सापडतात आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. दक्षिण टोकाच्या राष्ट्रीय उद्यानाला युनेस्कोने १९८४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो प्रामुख्याने या माशांमुळे. काठाजवळच्या खडकांत राहणाऱ्या सिक्लिडना म्बुना म्हणतात, आणि येलो लॅब त्यातलाच. शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. जेफ्री फ्रायर यांनी १९५६ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. सरोवरात हा मासा बऱ्याच ठिकाणी पांढरट-निळसर असतो. दुकानात दिसणारा झगझगीत पिवळा प्रकार मूळचा पश्चिम किनाऱ्यावरच्या लायन्स कोव्ह परिसरातला.

तोंडात पिल्लं वाढवणारे मासे आपल्याकडे तसे नवे नाहीत. उजनीच्या काठी भिगवणला जी चिलापी खायला मिळते ती म्हणजे टिलापिया, मूळची आफ्रिकेची, सिक्लिड कुळातलीच, आणि तिची मादीही अंडी तोंडात धरते. मोझांबिक टिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. कोकण-गोव्याच्या खाड्यांमधला कालुंदर हाही सिक्लिडच, पण तो आपला, इथला. त्याची रीत वेगळी: अंडी दगडाला, लाकडाला चिकटवायची आणि नर-मादी दोघांनी मिळून राखण करायची. येलो लॅबच्या नराचा संबंध मात्र अंडी फळली की संपतो.

सुरुवात पाण्यापासून करते, कारण माझा निम्मा वेळ तिथेच गेला. मलावीचं पाणी अल्कधर्मी आहे, पीएच साधारण ७.८ ते ८.६. आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं ते धरणाचं, मऊ. त्यात क्षार कमी असल्यामुळे पीएच एका जागी टिकत नाही, हळूहळू खाली घसरतो. सोसायटीची बोअर आहे आणि तिचं पाणी चांगलंच जड. बादल्या तिथेच डाग धरतात, गीझरमध्ये थर साचतो, सगळे त्या पाण्याच्या नावाने बोटं मोडतात. माझ्या माशांना ते मानवलं. बोअरचं आणि नळाचं पाणी निम्मं निम्मं मिसळलं की माझ्या टाकीत पीएच आठच्या वर स्थिर राहतो. बोअरच्या पाण्यात नायट्रेट जास्त असू शकतं, म्हणून ते आधी किटने तपासून घेतलं. सोसायटीत बोअर नसेल तर शिंपल्यांचा चुरा वापरावा. कोंबड्यांच्या खाद्याच्या दुकानात तो मिळतो. स्वच्छ धुऊन, जुन्या पायमोज्यात बांधून फिल्टरमध्ये ठेवला की पाण्याला लागेल तसा विरघळत राहतो. प्रवाळाचे तुकडे मी वापरत नाही. आपल्याकडे दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, आणि एका सरोवराच्या माशांसाठी दुसऱ्या समुद्राचा तळ खरवडायची काही गरज नाही.

जड पाण्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि पीएच जितका चढा तितका त्याचा विषारी अंश जास्त. मऊ पाण्यातल्या गप्पींना जेवढा अमोनिया कदाचित चालून जाईल, तेवढा इथे जीवघेणा ठरतो. म्हणून मासे आणण्याआधी फिल्टर महिनाभर चालवून त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू रुजवून घेतले.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर २५५ लिटर, दगड आणि वाळू वजा जाता दोनशेच्या आसपास. दगड म्हणाल तर आपला काळा पाषाण. कडप्प्याचे तुकडेही आहेत, फरशीवाल्याकडे कोपऱ्यात पडलेले. तळाला जाड थर्माकोल, त्यावर दगडांची रचना, आणि मग सगळ्यात शेवटी वाळू. हा क्रम कुणी बदलू नये. म्बुना वाळू उपसणारे मासे आहेत. वाळूवर टेकवलेल्या दगडाखालून ते बोगदा काढतात, दगड कलंडतो आणि काच तरी फुटते किंवा मासा तरी चिरडतो.

मासे मात्र जपून घेतले. दुकानात 'मिक्स आफ्रिकन' नावाची एक टाकी असतेच. आपल्याकडे शोभेचे मासे बरेचसे चेन्नईतल्या कोळत्तूरहून आणि कोलकात्याकडून येतात. तिथे पैदास करणारे जाणकार आहेत, पण दुकानातल्या त्या एका टाकीत सगळ्या जाती एकत्र आल्या की कोण कुणाचं पिल्लू हे कुणालाच सांगता येत नाही. मी चिंचवडच्या एका काकांकडे गेले. ते वर्षानुवर्षं हा एकच मासा पाळतात.

"कुठल्या टाकीतली देऊ?" असं त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "आधी यांचे आईबाप बघून घे. पाठीच्या परावरची काळी पट्टी सलग आहे का, चेहऱ्यावर करड्या रेघा नाहीत ना, हे बघ. आवडले तर पिल्लं घे. आणि दोन-चार नको नेऊस, दहा ने."

दहाच का, तेही त्यांनी समजावलं. येलो लॅबमध्ये नर-मादी चटकन ओळखता येत नाहीत. नराचे पोटाखालचे पर जास्त काळे होतात, तो थोडा मोठा भरतो, पण वरचढ मादीही असा रंग दाखवते. म्हणून लहान गट एकत्र वाढवायचा, कोण कोण आहे ते त्यांच्या वागण्यावरून कळू द्यायचं आणि मग जास्तीचे नर काढायचे. एका नरामागे तीन-चार माद्या असल्या की नराचा पाठलाग वाटला जातो. एकच मादी असेल तर तिला तो दिवसभर पिटाळतो आणि ती त्यातच संपू शकते. म्बुनांमध्ये येलो लॅब तसा शांत म्हणून ओळखला जातो. ते शांतपण इतर म्बुनांच्या मानाने, एवढंच त्या शब्दात धरावं.

मासे दोन इंचांच्या पुढे गेले तसा एका नराने डावीकडच्या मोठ्या कडप्प्याखालचा भाग ताब्यात घेतला. तोंडात वाळू भरायची, हातभर लांब जायचं, थुंकायची, परत यायचं. दोन दिवसांत तळाचा थर्माकोल दिसेल इतका खड्डा झाला. परांचा काळा गर्द झाला, पिवळा आणखी पेटला. कुणी मादी जवळून गेली की तो तिच्यासमोर आडवा होऊन सगळं अंग थरथरवायचा आणि मग शेपटी हलवत खड्ड्याकडे निघायचा. बहुतेक वेळा मादी नुसती बघायची आणि निघून जायची. तोही पुन्हा वाळू उपसायला लागायचा.

प्रत्यक्ष मीलन मी पहिल्यांदा पाहिलं ते एका रविवारी सकाळी, पाणी बदलल्यानंतर. गार, ताज्या पाण्याने माशांना जाग येते असं पाळणारे सांगतात, आणि माझ्याकडेही बऱ्याच वेळा पाणी बदलल्यानंतरच्या एक-दोन दिवसांतच वीण झाली आहे. मादी खड्ड्यात उतरली. दोघं एकमेकांच्या शेपटीला तोंड लावून गोल फिरू लागले. काही फेऱ्यांनंतर मादी दगडावर पोट टेकवून थांबली आणि एक-दोन अंडी पडली: तीन-चार मिलिमीटरची, फिकट पिवळी, एवढ्याशा माशाच्या मानाने फारच मोठी. अंडी पडताक्षणी ती गर्रकन वळली आणि उचलून मोकळी झाली. नराला त्यांच्यावर काही करायला वेळच मिळाला नव्हता.

मग अंडी फळतात कुठे? तोंडात. नराच्या गुदपरावर, म्हणजे पोटाखालच्या मागच्या परावर, पिवळसर गोल ठिपके असतात. नर तो पर पसरून तिच्यासमोर थरथरतो, मादी त्या ठिपक्यांपाशी तोंड नेऊन चोखते, आणि त्याच क्षणी नराने सोडलेलं वीर्य तिच्या तोंडात जातं. व्होल्फगांग विकलर या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये मांडलं की हे ठिपके म्हणजे खोटी अंडी आहेत, आणि राहिलेलं अंडं उचलायला म्हणून मादी तिथे तोंड घालते. कल्पना इतकी सुंदर आहे की ती खरी असावीशीच वाटते. नंतरच्या प्रयोगांत ठिपके काढून टाकले तरी अंडी फळलेली दिसली, आणि काही जातींमध्ये हे ठिपके दुसऱ्या नरांना दबकावण्याच्या कामी येतात असंही आढळलं. मी काचेला नाक लावून पाहिलं तेव्हा एवढं नक्की दिसलं की मादी परापाशी तोंड नेते ते नेमकं ठिपक्यांच्या जागी, आणि दर एक-दोन अंड्यांनंतर नेते. तासाभराने ती खड्ड्यातून बाहेर आली तेव्हा हनुवटीखालची कातडी ताणून खाली आली होती.

त्याआधीच्या एका विणीत मात्र ही फुगलेली हनुवटी घरात सगळ्यात आधी आईच्या लक्षात आली होती. मी आतल्या खोलीत होते.

"अगं, इकडे ये. हिच्या तोंडात काहीतरी अडकलंय."

"अडकलं नाहीये आई, अंडी आहेत. तीन आठवडे अशीच राहील."

"आणि गिळत कशी नाही?"

आईने विचारलेला प्रश्न नेमका होता. कधी कधी गिळते. पहिल्या-दुसऱ्या विणीत नवख्या माद्या दोन-चार दिवसांतच अंडी गिळून टाकतात किंवा थुंकतात. आमच्याकडेही पहिली वीण अशीच गेली. त्याचं काही वाटून घेऊ नये आणि मादीला त्रासही देऊ नये. महिन्या-दीड महिन्यात ती पुन्हा धरते, आणि दर वेळी जास्त दिवस धरते.

अंडी धरलेली मादी ओळखू यायला लागली की मग ती गर्दीतही लगेच सापडते. तोंड घट्ट मिटलेलं नसतं, किंचित फट असते. गालफडं जोरजोरात हलतात. दर थोड्या वेळाने ती काहीतरी चघळल्यासारखं करते, म्हणजे अंडी तोंडात उलटीपालटी करते. त्यामुळे प्रत्येक अंड्याला ताजं पाणी लागतं आणि बुरशी धरत नाही. खाणं टाकलं की बाकी सगळे वर धावतात आणि ही फिल्टरच्या नळीमागे उभी. दाणा अगदी समोरून खाली गेला तरी बघत राहते. साधारण आठवड्याभरात अंडी फुटतात. तेव्हापासून तिच्या हनुवटीचा आकार बदलतो, गोलसर पिशवी टोकदार होते, आणि तिसऱ्या आठवड्यात टॉर्चचा उजेड बाजूने पाडला तर कातडीतून बारीक काळे डोळे दिसतात. एकेका विणीत दहा ते तीस पिल्लं. तेवढी एका बोटभर लांबीच्या माशाच्या तोंडात मावतात.

तोंड ही इतकी सुरक्षित जागा, पण तिलाही फसवणारा आहे. टांगानिका सरोवरात सिनोडोंटिस मल्टिपंक्टाटस नावाचा ठिपक्यांचा कॅटफिश कोकिळेचं काम करतो. तिथले सिक्लिड अंडी घालत असतानाच तो मध्ये घुसून आपली अंडी टाकतो, घाईत मादी तीही उचलते, त्याची पिल्लं आधी फुटतात आणि तोंडातच यजमानाची पिल्लं खातात. हा मासा आपल्याकडेही विकायला येतो. वीण हवी असेल तर तो आफ्रिकन टाकीत सोडू नये.

आता अंडी धरलेल्या मादीचं काय करायचं? पाळणाऱ्यांमध्ये यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष दोन आठवडे झाले की मादीचं तोंड उघडून पिल्लं काढून घेतो. सगळी पिल्लं हाती लागतात, मादी लवकर खायला लागते, पुढची वीण लवकर मिळते. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याला हे सोयीचं आहे, मला कळतं. पण मी दुसऱ्या पक्षाची. ऑक्सिजन, स्वच्छता, सतत हलवत राहणं, मेलेलं अंडं वेगळं करणं, हे सगळं ती करते आहे, आणि त्यासाठी लाखो वर्षांत घडलेलं तोंड तिच्याकडे आहे. मी बाटली कापून, त्यात हवेची नळी सोडून तेच करायचा प्रयत्न कशाला करू?

मी करते ते एवढंच. पहिले दोन आठवडे मादीला मोठ्या टाकीतच राहू देते. तिथे तिची ओळखीची कपार असते, आणि सुरुवातीच्या दिवसांत हलवलं तर दचकून अंडी थुंकायची शक्यता सगळ्यात जास्त. तिसरा आठवडा लागला की रात्री, टाकीचा दिवा बंद झाल्यावर तासाभराने तिला काढते. जाळी वापरत नाही. जाळीत अडकली की ती धडपडते आणि तोंड उघडते. मंद टॉर्चमध्ये मासे सुस्त असतात, तेव्हा एका मोठ्या प्लास्टिकच्या डब्याने तिला पाण्यासकट उचलता येतं. घाई केली नाही तर तिला कळतही नाही. दोन फुटी टाकी आधीच तयार असते: मोठ्या टाकीचंच पाणी, मोठ्या टाकीत महिनाभर चाललेला स्पंज फिल्टर, पीव्हीसी पाइपचा एक तुकडा आणि काही मोठे गोटे. तळाला वाळू नाही, साफ करायला सोपं. तीन बाजूंना कागद लावते, म्हणजे माणसांच्या येण्याजाण्याने ती बिचकत नाही. तापमान २६ अंश. पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच. मेमध्ये उलट पाणी तिशीपार जातं, तेव्हा झाकण काढून पाण्यावर वारा येईल असा टेबलफॅन ठेवायचा आणि हवेचा पंप वाढवायचा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वीज गेली तर चालणारा बॅटरीवरचा पंप घरात असावाच. तोंडात वीस पिल्लं धरलेल्या मादीला प्राणवायूची गरज एरवीपेक्षा जास्त असते.

तोंड उघडून पिल्लं काढायची वेळ माझ्यावरही आली आहे. आमची सगळ्यात मोठी मादी एका पाठोपाठ एक विणी धरत गेली. मधे तिला भरायला पुरेसा काळ मिळाला नाही. तिसऱ्या आठवड्यात तिचं पोट खपाटीला गेलं, डोक्यामागची पाठ आत गेली, आणि ती पाण्याच्या पृष्ठभागापाशी तिरकी तरंगायला लागली. तेव्हा थांबणं तिच्या जिवावर बेतलं असतं. भावाला टॉर्च धरायला बोलावलं. रुंद टबमध्ये तिच्याच टाकीचं पाणी घेतलं. हात त्याच पाण्यात ओले केले, कारण कोरड्या हाताने अंगावरचा चिकट थर निघतो. तिला मुठीत हलकेच धरून डोकं खाली, तोंड पाण्याच्या अगदी वर आणलं आणि गुळगुळीत, बोथट प्लास्टिकच्या पट्टीने खालचा ओठ किंचित खाली ओढला.

"ताई, हळू. श्वास घेतेय ना ती?"

"घेतेय. तू उजेड हलवू नकोस."

तोंड उघडल्याबरोबर तिला पाण्यात टेकवलं की पिल्लं आपसूक खाली पडतात. पुन्हा वर, पुन्हा टेकवायचं. सगळं मिळून मिनिटभराचं काम, आणि तेवढ्याच वेळात ते उरकलं पाहिजे. पिल्लांच्या पोटाला बलकाचा थोडासाच नारिंगी ठिपका उरला होता, म्हणजे ती जवळजवळ तयार होती, त्यामुळे बाटलीबिटलीची गरज पडली नाही. मादी स्वतंत्र टाकीत महिनाभर राहिली आणि सावरली.

एरवी सोडण्याचा क्षण आपल्याला दिसेलच असं नाही. सकाळी कागद बाजूला केला तर गोट्यांच्या फटीत करड्या-फिकट रेघा हलताना दिसतात. आमच्या एका मादीने पहिले एक-दोन दिवस, मी जवळ गेले की, पिल्लं परत तोंडात घेतली. ती डोकं खाली करून स्थिर व्हायची आणि पिल्लं तिच्या तोंडाशी गर्दी करायची. दुसरी मात्र सोडून मोकळी व्हायची, वळून बघायची नाही. एकाच जातीतल्या, एकाच विणीतल्या बहिणी, तरी वागणं इतकं वेगळं.

पिल्लं सोडल्यावर मादीला लगेच मोठ्या टाकीत परत पाठवू नये. उपाशी, अशक्त मासा त्या गर्दीत गेला की तिची जुनी जागा कुणीतरी घेतलेली असते आणि सगळे तिला झोडपतात. आठवडाभर जाळीच्या पलीकडे ठेवून थोडं थोडं खायला घालते. पहिल्या दिवशी अगदी कमी. स्पिरुलिना, म्हणजे शेवाळासारखं हिरवं खाद्य, असलेलं हलकं खाणं. म्बुनांना तेलकट, मांसाहारी खाणं जास्त झालं तर पोट फुगून मरतात, आणि उपवासानंतर हा धोका वाढतो असा माझा समज आहे. मोठ्या टाकीत सोडताना दिवे बंद करते.

पिल्लांना वाढवणं सोपं आहे, पण नेम लागतो. पहिल्या दिवसापासून ती बोटांत चुरडलेले फ्लेक्स खातात. ताजे फुटलेले आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव, मिळाले तर वाढ वेगळीच दिसते. उलट्या बाटलीत लिटरभर पाणी, साधारण पंचवीस ग्रॅम खडेमीठ, चिमूटभर आर्टेमियाची अंडी आणि हवेची नळी. दीड दिवसात नारिंगी ढग तयार होतो. हवा बंद करून तळाशी उजेड धरला की जिवंत पिल्लं उजेडाकडे जमतात, टरफलं वर तरंगतात. पातळ कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन टाकायचं. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं, आणि एक दिवसाआड पाव टाकी पाणी बदलायचं. त्या दोन फुटी टाकीत पाणी बदलायचा कंटाळा केला तर बाकीच्या कष्टांना अर्थ उरत नाही.

महिना-दीड महिन्यात पिवळा चढायला लागतो. पाठीच्या परावरची काळी पट्टी त्यानंतर भरते. आणि इथे माझ्या मते सगळ्यात जबाबदारीचं काम येतं. येलो लॅब इतर म्बुनांशी सहज संकर करतो, विशेषतः लाल झेब्राशी, म्हणजे मेलँडिया एस्थेरीशी. संकरित पिल्लं पिवळी-केशरी, दिसायला देखणी, पण काळी पट्टी फिकट किंवा गायब. केनी, म्हणजे मेलँडिया लोम्बार्डोई, हीही शेजारी नको. तिच्यात माद्या निळ्या आणि मोठे नर पिवळे. दोघांचे पिवळे नर एका टाकीत आले की मारामारी ठरलेली, आणि संकर होतो तो वेगळाच. अशी पिल्लं एकदा 'येलो लॅब' म्हणून चार घरांत गेली की पुढच्या पिढीत मूळ मासा कसा दिसतो हेच विसरलं जातं. सरोवरातला पिवळा प्रकार किनाऱ्याच्या छोट्याशा भागातला आहे. आपल्या टाक्यांमध्ये तो जसा आहे तसा ठेवणं एवढं तरी आपल्याला जमलं पाहिजे. म्हणून माझ्या टाकीत दुसरी म्बुना जात नाही. ज्यांची पट्टी तुटक आहे, कणा वाकडा आहे, अशी पिल्लं मी कुणाला देत नाही. ती वेगळ्या टाकीत माझ्याकडेच राहतात.

पिल्लं घ्यायला येणाऱ्यांना मी आधी विचारते: टाकी किती फुटी, बरोबर कोणते मासे, पाणी कुठलं. दीड फुटी टाकी असेल तर नम्रपणे नाही म्हणते. आणि एक गोष्ट प्रत्येकाला सांगते, मग तो कितीही घाईत असो. मासे नको झाले तर मला परत आणून द्या, तळ्यात किंवा नदीत सोडू नका. उजनीत चिलापी कशी पसरली ते मच्छीमारांना विचारा. टाक्यांतून बाहेर पडलेला सकर मासा आता त्यांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो, आणि त्याला गिऱ्हाईक नाही.

दुसऱ्या पिढीच्या माद्या आता धरायला लागल्या आहेत, त्यामुळे नर बदलणं आलं. सरोवरात एकाच मादीच्या तोंडातल्या पिल्लांचे बाप अनेक असू शकतात. घरच्या टाकीत मात्र एकच नर सगळ्यांचा बाप असतो आणि पुढे भावाबहिणींतच वीण होत राहते. चिंचवडच्या काकांच्या ओळखीने कोल्हापूरच्या एका पाळणाऱ्याशी नरांची अदलाबदल ठरवली. माझा नर ऑक्सिजन भरलेल्या दुहेरी पिशवीत, थर्माकोलच्या डब्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने गेला, आणि त्याचा तसाच आला. त्याला सोडण्याआधी मी टाकीतले सगळे दगड काढून वेगळ्या रीतीने रचले, म्हणजे जुन्या हद्दी पुसल्या जातात आणि सगळ्यांनाच नव्याने जागा शोधावी लागते. पहिले दोन दिवस मोठ्या माद्यांनी त्याला कोपऱ्यात दाबून ठेवलं, खाणंही घेऊ दिलं नाही. मग परांचा काळा हळूहळू गडद झाला. कालपासून त्याने उजव्या कोपऱ्यातल्या पाषाणाखालची वाळू उपसायला घेतली आहे.